काम हलते कशाने, निर्णय होतो कशावर?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या अंकातून आपण बहुधा बेणे, लागण, खत-पाणी आणि खोडवा यांवर बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस आपण कितीही चांगला पिकविला, तरी पुढे तो ज्यांच्या हातून जातो ती माणसे काम मन लावून का करतात किंवा का करीत नाहीत, आणि कारखाना मोठे निर्णय कशाच्या आधारे घेतो, यावर आपल्या टनाचा भाव बराचसा ठरतो. "हे मॅनेजरसाहेबांनी बघावं, आपल्याला काय करायचंय?" असे म्हणून चालणार नाही. खाजगी कारखान्यात मालक वेगळा आणि नोकर वेगळा. आपल्याकडे सभासद हाच मालक, तोच माल पुरविणारा, आणि पुष्कळ घरांत त्याचाच मुलगा किंवा पुतण्या कारखान्यावर कामाला. त्यामुळे दोष कुणाला द्यायचा म्हटले तरी बोट फिरून आपल्याकडेच येते.

गेली वीस-बावीस वर्षे शेतकी खात्यात फिरताना एक गोष्ट मला पक्की दिसली आहे. माणसाला जे माप लावाल, त्या मापाप्रमाणे तो काम करतो. तोंडाने आपण काय सांगतो याला फारसे महत्त्व नाही. पैसे कशाचे मिळतात, शाबासकी कशाची मिळते आणि बोलणी कशाबद्दल खावी लागतात, हे तो बरोबर ओळखतो.

टनाचे माप

ऊसतोड मजुराचेच घ्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या. मजुरी टनावर. शिवाय हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. आपण बांधावर उभे राहून म्हणतो, "बुडखा जमिनीलगत घ्या, पाचट स्वच्छ काढा, मुळ्या-माती येऊ देऊ नका." पण वाकून जमिनीलगत तोडायला वेळ जास्त लागतो, कंबर मोडते, आणि त्याचा एक पैसाही जादा मिळत नाही. पाचट राहिले तर वजन उलट वाढते. मग कोयता दोन बोटे वर चालला, तर नवल ते काय?

नुकसान मात्र साधे नाही. आठ फुटांच्या उसात दोन इंच बुडखा रानात राहिला, तर एकरी ४० टनांच्या फडात पाऊण टनाहून अधिक ऊस जागेवरच राहतो. तोही सर्वांत गोड भाग, कारण पक्व उसात साखर बुडख्याकडे जास्त असते. वर खोडव्याला फुटवे जमिनीवरून येतात आणि कमजोर राहतात. म्हणजे शेतकऱ्याचे वजन गेले, कारखान्याची साखर गेली आणि पुढच्या वर्षाचा खोडवाही बिघडला.

कामाप्रमाणे दाम ही पद्धत जुनीच आहे. तिला शास्त्राचा दर्जा देण्याची खटपट अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी केली. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या कांबी उचलून गाडीत भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल भरीत असे. टेलर यांनी योग्य माणूस निवडला, त्याने केव्हा उचलायचे आणि केव्हा विसावा घ्यायचा हे ठरवून दिले, मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट केली, आणि माल सत्तेचाळीस टनांवर गेला, असे त्यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. पण कांब ही कांबच राहते. ती शिळी होत नाही की तिला पाचट नसते. उसाचे तसे नाही. नुसत्या टनाचे माप लावले, की टन येतात आणि साखर मागे राहते.

धास्तीचे माप

पैशाइतकाच माणूस धास्तीनेही हलतो. टोळीत एक दिवस काम चुकले की मुकादम खाडा धरतो आणि हिशेबातून रक्कम कापतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यापुढे आला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चर्चेत खाडा पडण्याची धास्ती हेही एक कारण पुन्हा पुन्हा पुढे आले. आपल्या फडात येणाऱ्या माउलीला पाळीच्या दिवसांत विसावा परवडत नसेल, तर त्या मापात खोट आहे हे आपण मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा निर्णय झाला, तो योग्यच झाला. पण दर वाढला तरी माप टनाचेच राहिले. फडाजवळ पाणी, आडोसा आणि औषधाची पेटी या गोष्टी टनात मोजल्या जात नाहीत, म्हणून त्या विसरल्या जातात.

खुशालीचाही विचार याच जागी केला पाहिजे. कारखाना दरवर्षी सांगतो की तोडणीसाठी जादा पैसे देऊ नका. तरी ते दिले जातात. "शेजाऱ्यानं दिले, मी नाही दिले तर माझा फड वाळून जाईल," ही आपली धास्ती. टोळी यातून काय शिकते? स्वच्छ तोडीचे पैसे कुणी देत नाही, शेतकऱ्याच्या घाबरण्याचे मात्र रोख मिळतात, हे ती शिकते. जळिताचेही तसेच. जळालेला ऊस तातडीने तोडावाच लागतो. म्हणून कपात सोसूनही नंबर आधी लागावा यासाठी कुणी काडी लावतो. नियम नुकसान टाळण्यासाठी केला आणि तोच काडीला निमित्त झाला.

पगार आणि हुरूप

आता कारखान्याच्या आतले पाहू. अमेरिकेतलेच दुसरे अभ्यासक फ्रेडरिक हर्झबर्ग. त्यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीस यांना विचारले, की कामावर सर्वांत समाधान केव्हा वाटले आणि सर्वांत वैताग केव्हा आला. १९५९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. पगार, साहेबाची वागणूक आणि कचेरीचे नियम बिघडले की माणूस वैतागतो. पण ते नुसते ठीक असले म्हणून हुरूप येतोच असे नाही. हुरूप येतो तो काम पार पडल्याच्या समाधानातून, कुणीतरी दखल घेण्यातून आणि अंगावर जबाबदारी पडण्यातून. या सिद्धांतावर पुढे वाद झाले. तरी आपल्याकडे त्याचा पडताळा येतो.

पगार थकला की कामगाराचे चित्त जागेवर राहत नाही, हे सांगायला अभ्यासक नको. पण पगार वेळेवर होऊनही पॅनमन साखरेचा दाणा नीट धरण्यासाठी जीव का टाकतो? पॅन कोणत्या क्षणी सोडायचा हे त्याच्या नजरेवर असते, आणि उतरलेली साखर त्याला डोळ्यांनी दिसते. याउलट आमच्या चिटबॉयचे पाहा. रात्री दहाला गव्हाणीवरून फोन येतो, "गाड्या कमी पडताहेत, नो-केन होईल, काहीही करून पाठव." त्याने किती गाड्या पाठविल्या हे विचारले जाते. त्या गाड्यांत पिकलेला ऊस किती होता, तोडून किती तास झाले होते, हे त्याला कुणी विचारीत नाही. साहजिकच तो डांबरी रस्त्याकडेचा, सोयीचा फड आधी धरतो. आतल्या रस्त्यावरचा आडसाली ऊस, जो आधी तुटायला हवा, तो मागे राहतो. मग सभासद म्हणतात, "चिटबॉय पैसे खातो." एखादा खातही असेल. पण जो खात नाही, त्यालाही आपण क्रमपाळी मोडायला लावतो.

अहमदाबादचा धडा

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसविले होते. २२४ माग आणि २९ माणसे. यंत्रे नवी असूनही कापड अपेक्षेइतके निघेना आणि खराबीही होत होती. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस १९५३ साली तेथे आले. त्यांच्या ध्यानात आले, की प्रत्येक कामगाराला एकच तुकडा नेमून दिला आहे. एकाने धागा जोडायचा, दुसऱ्याने तेल घालायचे, तिसऱ्याने कापड उतरवायचे. अमुक माग आमचे, असे म्हणणारे कुणी नव्हते. त्यांनी ठराविक मागांसाठी एक तुकडी करण्याची कल्पना मांडली. कामगारांनी ती लगेच उचलली आणि तुकड्या आपसांत स्वतःच ठरविल्या. पुढे उत्पादन वाढले आणि खराबी कमी झाली.

आपल्याकडेही काम असेच तुकड्यांत आहे. नोंद एकाची, तोडणीचा प्रोग्रॅम दुसऱ्याचा, टोळी मुकादमाची, गाडी वाहतूकदाराची, वजन काट्यावर, साखर लॅबोरेटरीत. अमक्या गटाचा ऊस ताजा आणि स्वच्छ आला, याचे श्रेय घेणारे कुणी नाही. वाईट आला तर जबाबदारीही कुणावर नाही.

आपले स्वतःचे माप

आता खरे बोलायचे तर सभासदाकडे वळले पाहिजे. आपल्याला पैसे मिळतात वजनावर, आणि दर धरला जातो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २००९ पासून एफआरपीची पद्धत आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैसे, असे ठरले होते. ०.१ टक्का म्हणजे टनामागे एक किलो साखर. पाच लाख टन गाळपावर तेवढ्याने पाच हजार क्विंटल साखर होते, आणि सभासदांच्या पदरात १ कोटी ६६ लाख रुपये पडतात. इतके एका किलोचे मोल आहे.

पण हे मोल सरासरीत विरघळते. समजा, एकाच्या उसाचा उतारा ११.२५ पडतो आणि दुसऱ्याचा ९.७५. टनामागे पंधरा किलो साखरेचा फरक झाला. वरच्या दराने त्याची किंमत टनाला जवळजवळ ५०० रुपये. काट्यावर मात्र दोघांना एकच भाव. मग को ८६०३२ लावावा की वजनाला बरा म्हणून फुले २६५ लावावा, शेवटचे पाणी केव्हा तोडावे, युरियाची शेवटची मात्रा आवरावी की नाही, हे ठरविताना शेतकरी साखर कशाला बघेल? तो टन बघतो. तोडकऱ्याला आपण नावे ठेवतो, पण त्याचे माप आणि आपले माप एकच आहे.

दूध संस्थेत मात्र आपण वेगळे वागतो. आणंदच्या खेडा जिल्हा दूध संघाची नोंदणी डिसेंबर १९४६ मध्ये झाली. गावच्या संस्थेत प्रत्येकाच्या दुधाचे माप आणि फॅट तपासायची आणि त्याप्रमाणे पैसे द्यायचे, हा या संघाच्या कामाचा पाया झाला. पाणी घातले तर घालणाऱ्याचाच भाव पडतो, शेजाऱ्याचा नाही. आपल्याकडच्या दूध संस्थांतूनही हेच चालते. तोच शेतकरी सकाळी डेअरीवर फॅट बघतो आणि दुपारी काट्यावर नुसते वजन बघतो.

अर्थात ऊस म्हणजे दूध नव्हे. प्रत्येक गाडीचा नमुना काढायचा तर यंत्र हवे, माणसे हवीत, आणि भांडणेही होतील. शिवाय तोड केव्हा द्यायची हे कारखान्याच्या हातात. ऊस पिकून उभा राहिला, तोड दोन महिने उशिरा मिळाली आणि उतारा घसरला, तर त्याचा दंड शेतकऱ्याने का भरावा? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून एकदम प्रत्येकाचा दर वेगळा करा, असे मी म्हणत नाही. पण काहीच न मोजणे हेही बरे नाही.

मोठे निर्णय कशावर होतात?

मोठ्या निर्णयांनाही हाच न्याय लागू आहे. पहिला निर्णय गाळप केव्हा सुरू करायचे याचा. हंगामाची तारीख मंत्री समिती ठरविते. त्या तारखेला धुराडे पेटलेच पाहिजे अशी घाई मात्र शेजारच्या कारखान्यामुळे होते. आपण आठ दिवस थांबलो तर तो आपल्या हद्दीतला ऊस उचलेल. तोही आपल्याबद्दल हेच म्हणतो. मग सर्वच जण कोवळा ऊस गाळतात आणि सर्वांचाच सुरुवातीचा उतारा मार खातो. हा निर्णय उसाच्या पक्वतेने होत नाही, धास्तीने होतो.

दुसरा निर्णय गाळप क्षमतेचा. २०२१-२२ चा हंगाम आठवा. ऊस इतका झाला, की राज्यात काही ठिकाणी गाळप जून २०२२ पर्यंत चालले, आणि मे महिन्यापासूनच्या उसाला शासनाला टनामागे २०० रुपये अनुदान द्यावे लागले. उन्हात वाळणारा ऊस ज्याने पाहिला, त्याने वार्षिक सभेत "क्षमता वाढवा" म्हणावे हे समजण्यासारखे आहे. पण पुढे काय झाले? राज्याचे साखर उत्पादन २०२३-२४ ला ११० लाख टनांच्या घरात होते, ते २०२४-२५ ला सुमारे ८१ लाख टनांवर आले. मोठी झालेली धुराडी लवकर विझली. हिशेब सोपा आहे. पाच लाख टन ऊस असेल, तर रोजी ३,५०० टनांनी कारखाना १४३ दिवस चालतो आणि ५,००० टनांनी १०० दिवस. यंत्रावरच्या कर्जाचे व्याज मात्र ३६५ दिवस चालते.

कामगाराच्या हुरुपाचा संबंध इथे येतो. हंगाम आखूड झाला, की हंगामी कामगाराचे पूर्ण पगाराचे दिवस कमी होतात, आणि चांगला फिटर किंवा पॅनमन दुसरीकडे पाहू लागतो. तोडकऱ्याची उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी मुकादम टोळी आणील याचा भरवसा राहत नाही. सभासदाला मात्र आखूड हंगाम बरा, कारण ऊस वेळेवर तुटतो. तिघांचे हित असे वेगवेगळ्या दिशांना ओढते. म्हणून एका हंगामाच्या आठवणीवर दहा वर्षांचे कर्ज काढू नये. नोंदीचा ऊस, विहिरी-कालव्यांचे पाणी आणि तोडणीची माणसे यांचा निदान पाच वर्षांचा ताळेबंद समोर ठेवावा.

तिसरा निर्णय इथेनॉलचा. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यासाठी अनेक कारखान्यांनी मोठ्या डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, केंद्र शासनाने रस आणि सिरपपासूनच्या इथेनॉलला मनाई केली. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सूट मिळाली, आणि पुढच्या वर्षासाठी निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. ज्यांच्याकडे मळीवरही आसवनी चालविण्याची सोय होती ते तरले, आणि ज्यांचा सगळा हिशेब रसावर होता त्यांची ओढाताण झाली. नफ्याचा एकच रस्ता धरून कर्ज काढणे म्हणजे एका बैलावर शेती करणे होय.

प्रवरेला १९५०-५१ च्या सुमारास शेतकऱ्यांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव शेअर्स गोळा करीत होते, आणि अध्यक्षपदी होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. जिद्द शेतकऱ्यांची आणि हिशेब जाणत्याचा, असा तो मेळ होता. आपल्यालाही दोन्ही पाहिजेत.

काय करता येईल?

माझ्या खात्याच्या आवाक्यातल्या गोष्टी पुढे मांडतो. वार्षिक सभेपूर्वी त्यांवर गटवार चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

१) तोडणी चिठ्ठीवर तोड सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहावी. तोडीपासून गव्हाणीपर्यंत किती तास गेले याचा गटवार तक्ता दर आठवड्याला गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा. ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, हे आपले माप असावे.

२) चिटबॉय आणि गटाच्या कर्मचाऱ्यांचे काम गाड्यांच्या संख्येबरोबरच क्रमपाळी किती पाळली यावरही तपासावे. नो-केनच्या फोनवर पाळी मोडली तर ती कुणाच्या सांगण्यावरून मोडली, याची नोंद व्हावी.

३) जमिनीलगत तोड आणि स्वच्छ ऊस देणाऱ्या टोळीला टनामागे थोडे बक्षीस ठेवावे. फड संपल्यावर शेतकरी, मुकादम आणि चिटबॉय अशा तिघांनी बुडखा पाहून सही करावी. खुशालीत जाणारा पैसा या मार्गाने गेला तर तो कामाला लागेल.

४) टोळीतील बाईला आजारपणात व पाळीत विसावा मिळावा, आणि त्याचा खाडा धरू नये, अशी अट मुकादमाच्या करारात घालता येते का, ते संचालक मंडळाने पाहावे. फडावर पिण्याचे पाणी आणि आडोसा देणे हे तर आपल्याच हातात आहे.

५) हंगामाआधी प्लॉटवार ब्रिक्स घेण्याचे काम शेतकी खाते करते. त्याचे आकडे सभासदाला लेखी मिळावेत. एफआरपीला हात न लावता, गटाच्या सरासरीहून चांगला ऊस देणाऱ्या गटाला वरची थोडी रक्कम देता येईल का, हे दोन-तीन गटांत एक हंगाम करून पाहावे.

यांतल्या काही गोष्टी तुम्हाला गैरसोयीच्या वाटतील. ब्रिक्सचा तक्ता फळ्यावर लागला की कुणाचा ऊस कसा हे गावाला कळणार. डेअरीत फॅटचा आकडा सर्वांसमक्ष सांगतात, तेव्हा आपण कधी लाजलो नाही. गट सभेला या, आपला प्लॉट नंबर आणि गेल्या वर्षीची तोडणी चिठ्ठी बरोबर आणा, आणि वरच्या पाचांपैकी कोणते पटते, कोणते पटत नाही ते स्पष्ट सांगा. खाते ते लिहून घेऊन संचालक मंडळापुढे ठेवील.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी